निगडीच्या घरांतील समुद्र

कृष्णाकांठीं ज्यांचा जन्म गेला त्यांना वाहत्या पाण्याचें नवल तें काय असावयाचें? वाईच्या घाटांवर आम्हीं वर्षानुवर्षें सकाळ-संध्याकाळ पाणी पाहिलें. तें चढतांना पाहिलें, ओसरतांना पाहिलें. शाळेंत संस्कृत व भूगोल शिकवितांना देशांतील नद्यांचीं नांवें मुलांकडून घोकून घेतलीं. आतां सेवानिवृत्तीनंतर या विषयांत नवें शिकण्यासारखें कांहीं उरलें असेल, असें आम्हांस वाटत नव्हतें. परंतु यंदाच्या वैशाखांत आमच्या धाकट्या भगिनीचा निगडीहून दूरध्वनि आला, आणि आमचा तो समज चार दिवसांत पार धुऊन निघाला.

भगिनी म्हणाली, "दादा, वहिनीला घेऊन चार दिवस ये. घरांत एक तंटा उभा राहिला आहे. तूं निवाडा केल्याशिवाय तो मिटत नाहीं."

"तंटा कशाचा?" आम्हीं विचारलें. जमिनीचा असावा, अशी आमची अटकळ.

"समुद्राचा!" ती म्हणाली, आणि तिनें दूरध्वनि ठेवून दिला.

दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही उभयतां निघालों. खंबाटकीच्या बोगद्यांतून एस.टी. बाहेर पडली आणि दुपारच्या आंत स्वारगेट आलें. पूर्वीं स्वारगेटहून निगडीस जावयाचें म्हणजे अर्धा दिवस मोडत असे. 2024 च्या सप्टेंबरापासून स्वारगेट ते पिंपरी अशी मेट्रोगाडी सरळ धांवूं लागली आहे. ती आरंभीं भुईखालून जाते. मुठेचें पात्रसुद्धां खालूनच ओलांडते. "आतां आपल्या माथ्यावर नदी आहे," असें आम्हीं सांगतांच आमच्या मंडळींनीं पदर सांवरून वर पाहत हात जोडले. पाणी वर आणि माणूस खालीं, हा प्रकार आम्हीं त्या दिवशीं प्रथमच अनुभवला. भगिनीच्या घरचा तंटाही नेमका वरच्या पाण्यानें खालीं येण्याचाच आहे, हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

पिंपरी-चिंचवड हें नांव आमच्या लहानपणीं दोन निरनिराळ्या गांवांचें होतें. चिंचवड म्हटलें कीं पवनेच्या कांठची मोरया गोसाव्यांची समाधि डोळ्यांपुढें येई. पिंपरी म्हटलें कीं 1954 सालीं स्थापन झालेला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना. 1970 सालीं या गांवांची मिळून नगरपालिका झाली आणि 1982 सालीं महानगरपालिका. मग आकुर्डी, भोसरी, तळवडे असें करतां करतां कारखान्यांची रांग इंद्रायणी ओलांडून थेट चाकणच्या माळावर जाऊन पोंचली. जेथें ज्वारी-बाजरीचीं शेतें होतीं तेथें आज मोटारी तयार होतात. निगडीचें प्राधिकरण हा या उद्योगनगरीचा आंखीव-रेखीव भाग. रस्ते सरळ, दुतर्फा झाडें, आणि सायंकाळीं कारखान्यांतून परतणाऱ्यांच्या बसगाड्यांची रीघ. आमच्या भगिनीचें बिऱ्हाड येथेंच आहे. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, चाकणच्या एका कारखान्यांत यंत्रांना थंडावा देणाऱ्या द्रवाचे नळ आणि पंप सांभाळतो. सूनबाई बँकेंत आहेत. नात यंदा सहावींत गेली.

दिवाणखान्यांत पाऊल ठेवतांच तंट्याचें मूळ दृष्टीस पडलें. भिंतीशीं लोखंडी चौकटीवर कांचेची एक मोठी टाकी होती. लांबी 120 सेंटीमीटर, रुंदी 60, उंची 60. तींत निळसर उजेड, तळाशीं पांढरी रेती आणि मधोमध दगडांच्या दोन लहान टेकड्या. त्या टेकड्यांवर बटणाएवढीं हिरवीं-जांभळीं फुलें उमललेलीं, कोठें छत्र्यांसारखे मांसल गुच्छ, आणि हें सर्व एका न दिसणाऱ्या झुळुकीनें डोलत होतें. अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन नारिंगी मासे त्यांतून ये-जा करीत होते. आम्हीं मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय शाळेच्या सहलींत पाहिलें होतें. परंतु 1951 सालीं उघडलेल्या त्या इमारतीच्या पायाशीं खरा समुद्र होता. येथें समुद्र सह्याद्रीपलीकडे!

"हीं फुलें नव्हेत, मामा," भाचा म्हणाला. "हीं प्रवाळें."

आम्ही चपापलों. प्रवाल आणि विद्रुम हे शब्द आम्हीं मुलांना किती वेळां समजावून दिले असतील! परंतु आमच्या लेखीं प्रवाळ म्हणजे भगिनीच्या अनामिकेंतील मंगळाचें तांबडें पोवळें. तें पोवळें मुख्यतः भूमध्य समुद्रांतून येतें आणि तें एका जीवाच्या वसाहतीचा सांगाडा असतें, हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. तो जीव जिवंत असतांना कसा दिसत असेल, हा विचार मात्र कधीं मनास शिवला नव्हता. प्रत्येक बटण म्हणजे एक लहानसें तोंड आणि त्याभोंवतीं बोटें. पाय नाहींत. अन्न चालून आलें तर खावयाचें.

भाच्यानें आणखी एक गोष्ट न विचारतां सांगितली. ज्या दगडी प्रवाळांनीं समुद्रांत भिंतीच्या भिंती उभ्या राहतात, त्यांना आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें 2001 सालापासून पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविलें आहे. तीं समुद्रांतून काढणें हा अपराध. "मालवणच्या पाण्यांत तीं आहेत, विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आंत आंग्रिया बँकेवर आहेत. तेथेंच तीं शोभतात," तो म्हणाला. त्याच्याकडील प्रवाळें मऊ जातीचीं, दुसऱ्या एका हौशी गृहस्थाच्या टाकींत वाढलेल्या वसाहतीचीं रोपें. दगड समुद्रांतले नव्हेत, माणसानें केलेले. मासेही पैदास केलेले. अशा नारिंगी माशांची पैदास आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रांतही करतात. हें ऐकून आमच्या मनांतील निम्मी फिर्याद तेथेंच निकालांत निघाली. निम्मी उरली ती भगिनीची.

भोजनोत्तर भगिनीनें ती मांडली. गेल्या आषाढांत एका रात्रीं वीज गेली. पहाटे ती देवपूजेस उठली तों दिवाणखानाभर खारें पाणी पसरलेलें. देव्हाऱ्यापुढची रांगोळी वाहून गेलेली, सतरंजी भिजून चिंब, आणि टाकींतील पांच माशांपैकीं तीन मरून पडलेले. नात दोन दिवस जेवली नाहीं. "आणि तो दिवस नळाला पाणी नसण्याचा!" भगिनी म्हणाली. "शहरांत पाणी एक दिवसाआड. आम्ही तांब्या तांब्या मोजून वापरतों, आणि यानें घरांत समुद्र आणून ओतला. आतां म्हणतो, या वेळीं सगळें कागदावर आंखून केलें आहे. दादा, कागदावर समुद्र राहतो का?"

भाचा शांतपणें म्हणाला, "आई म्हणते तें खरें आहे. चूक माझी होती. मामा, तुम्ही हिशेब तपासा. पटला तर टाकी राहील. नाहीं तर मी ती सोडून देतों."

गणिताच्या वह्या तपासण्यांत आमचा जन्म गेला. आम्हीं चष्मा लावला.

आधीं रचना समजून घेतली. या टाकीच्या खालीं कपाटांत आणखी एक लहान हौद आहे. वरचें पाणी टाकीच्या कांठावरील दांतेरी सांडव्यावरून नळानें खालच्या हौदांत उतरतें. तेथें तें स्वच्छ होतें. मग एक पंप, ज्याला हे लोक रिटर्न पंप म्हणतात, तें पुन्हा वर चढवितो. जोंवर वीज आहे तोंवर हें चक्र फिरत राहतें. वीज गेली कीं पंप थांबतो. आणि गंमत अशी कीं, ज्या नळानें पाणी वर चढत होतें त्याच नळानें तें उलटें खालीं येऊं लागतें. त्या नळाचें तोंड पाण्यांत जितकें खोल बुडालेलें, तितका पाण्याचा थर खालीं उतरल्याशिवाय हा उलटा प्रवाह थांबत नाहीं.

"आतां गणित करा," आम्हीं नातीस म्हटलें. 120 गुणिले 60 म्हणजे 7200 चौरस सेंटीमीटर. अर्थात् एक सेंटीमीटर पाणी उतरलें तर 7.2 लिटर खालीं येणार. जुन्या मांडणींत नळाचें तोंड 12 सेंटीमीटर खोल होतें. बारा वेळां 7.2 म्हणजे 86 लिटरांवर. खालच्या हौदांत रिकामी जागा 40 लिटरांची. उरलेलें 46 लिटर कोठें जाणार? नातीनें पेन्सिल खालीं ठेवली आणि देव्हाऱ्यापुढच्या फरशीकडे पाहिलें. तीन मासे आणि एक सतरंजी या एका गुणाकाराच्या अभावीं गेलीं.

नव्या मांडणींत नळाचें तोंड पृष्ठभागाच्या अगदीं जवळ आणलें आहे, आणि पाण्याच्या पातळीलगत नळास एक बारीक भोंक पाडलें आहे. पातळी किंचित् उतरतांच त्या भोंकांतून हवा आंत शिरते आणि उलट्या प्रवाहाची सांखळी तुटते. सांडव्यावरचें व नळांतलें पाणी धरून सुमारें 20 लिटर खालीं येतील, असा भाच्याचा अंदाज. आणि हौदांत जागा 45 लिटरांची राखलेली. भोंक क्षारानें बुजूं नये म्हणून दर आठवड्यास तें सुईनें साफ करण्याचें काम नातीकडे.

मग पंपाच्या शक्तीचा हिशेब आला. खोक्यावर लिहिलेलें असतें कीं हा पंप तासास 3000 लिटर पाणी फेंकतो. परंतु तो आंकडा पंपास पाणी मुळींच वर चढवावें लागत नसेल तेव्हांचा. येथें पाणी जवळजवळ दीड मीटर चढावयाचें, वाटेंत नळाचीं वळणें. भाच्यानें खोक्यावर विश्वास न ठेवतां नळाखालीं 15 लिटरांची बादली धरली; ती 30 सेकंदांत भरली. म्हणजे तासास 1800 लिटर. टाकींत दगड वजा जातां पाणी सुमारें 360 लिटर. अर्थात् तासांत पांच वेळां सगळें पाणी हौदांतून फिरून येतें, आणि स्वच्छ होण्यास तेवढें पुरे.

"मग ते कांचेला चिकटलेले दोन गोल पंखे कशास?" आम्हीं विचारलें.

"ते वेव्हमेकर. ते पाणी वर चढवीत नाहींत, जागच्या जागीं हालवितात. स्वच्छतेला पांच फेरे पुरतात, पण प्रवाळांना नाहीं." प्रवाळ जागचें हालत नाहीं. त्याच्या अंगास पाण्याचा एक पातळ, निश्चल थर चिकटून राहतो. प्राणवायु, अन्न आंत येणें आणि मळ बाहेर जाणें, सर्व त्या थरांतून. भोंवतालचें पाणी हालतें राहिलें तर तो थर पातळ होतो आणि जीव श्वास घेतो. पाणी थांबलें कीं थर जाड होतो आणि जीव आपल्याच मळांत गुदमरतो. शिवाय पृष्ठभागावर लहरी उठल्या तरच हवेंतला प्राणवायु पाण्यांत भरपूर मिसळतो. म्हणून तासास चार चार हजार लिटर हालविणारे दोन पंखे. सर्व मिळून टाकींतील पाण्याच्या सत्तावीसपट हालचाल झाली. मऊ जातीच्या प्रवाळांना एवढी पुष्कळ. दगडी जातींना याहूनही अधिक लागते.

"पण मामा, आंकड्यानें भागत नाहीं," भाचा म्हणाला. "धार सरळ अंगावर आली तर मऊ प्रवाळ मिटून बसतें, मांस फाटतें. समुद्रांत लाट येते आणि परत जाते. तसें येणें-जाणें हवें." म्हणून दोन्ही पंखे आळीपाळीनें चालतात. दगडही मागच्या कांचेस टेकवून न रचतां वीतभर अंतर सोडून, दोन टेकड्यांमध्यें खिंड ठेवून रचले आहेत. म्हणजे पाण्यास मागून वाट मिळते.

एवढें चोख आंखूनही एक खोट राहिली होती. डाव्या टेकडीच्या मागें करडा गाळ सांचत होता. पंख्यांचा वेग वाढविला तर समोरची रेती उडे. गाळ मात्र जागेवरच. भाचा महिनाभर त्याशीं झटत होता. तो गाळ कुजूं लागला कीं पाण्यांत विष उतरूं लागतें.

आम्ही खुर्ची टाकून तासभर पाहत बसलों. काठीच्या टोकास एक दोरा बांधून नातीस ती पाण्यांत ठिकठिकाणीं धरावयास सांगितली. दोरा जेथें ताणला जाईल तेथें प्रवाह. जेथें लोंबत राहील तेथें निश्चल पाणी. डाव्या टेकडीमागें दोरा लोंबलाही नाहीं आणि ताणलाही नाहीं. तो हळूहळू गोल गोल फिरूं लागला. तो पाहतांच आम्हांस वाईचा घाट आठवला. पायऱ्या जेथें नदींत पुढें आल्या आहेत, तेथें मुख्य धार त्यांना वळसा घालून निघून जाते आणि पायऱ्यांच्या आड पाणी उलटें फिरतें. संस्कृतांत यासच आवर्त म्हणतात. सगळ्या घाटावरचें निर्माल्य नेमकें तेथें येऊन सांचतें. धार वाढली म्हणून तें हालत नाहीं. उलट अधिकच फिरत राहतें. श्रावणांत पूर येऊन पाणी पायऱ्यांवरून निराळ्या वाटेनें जाऊं लागलें, कीं मग तें निघतें.

"वेग वाढवूं नको, वाट बदल," आम्हीं म्हटलें. दोन्ही पंखे समोरासमोर, एकाच उंचीवर होते. उजवा आम्हीं वितीनें वर घेवविला आणि त्याचें तोंड समोरच्या कांचेकडे तिरपें करविलें. धार कांचेवर आपटली, पसरली, डाव्या कोपऱ्यांतून वळली आणि मागच्या वीतभर वाटेनें खिंडीकडे निघाली. दोरा एकदम ताणला. नातीनें टाळ्या पिटल्या. सकाळपर्यंत गाळ उठून सांडव्यावरून खालीं गेलेला होता. आमच्या शिक्षकी पेशांत याहून जलद निकाल आम्हीं पाहिला नव्हता.

दुसरा दिवस गुरुवार, म्हणजे उद्योगनगरीची साप्ताहिक सुटी. आम्हांस चाकणचा किल्ला पाहावयाचा होता. भाच्यास आम्हांला पाणी दाखवावयाचें होतें. प्रथम तो आम्हांस रावेतच्या बंधाऱ्यावर घेऊन गेला. पवना धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रांतून येथवर येतें. येथें पंप तें उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रांत चढवितात आणि तेथून तें घरोघर उतरतें. "माझ्या टाकीसारखेंच," तो म्हणाला. शहर वाढलें, पाणी पुरेना. 2019 च्या नोव्हेंबरापासून एक दिवसाआड पाणी सुरू झालें आणि पुढें वर्षानुवर्षें तोच क्रम राहिला. याच पवनेचें पाणी धरणापासून बंद नळांतून शहरास नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळांतील शेतकरी 2011 च्या ऑगस्टांत बऊर येथें द्रुतगति मार्गावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारांत तिघांचे प्राण गेले. पाणी कोठून उचलावें आणि कोणत्या वाटेनें न्यावें, हा केवळ हौशी लोकांच्या टाकीचा प्रश्न नव्हे. भगिनीच्या रागाचें वजन आम्हांस त्या बंधाऱ्यावर नीट कळलें.

पुढें भोसरीच्या बंद कारखान्यांमधून गेलों. एरवीं ठोकाठोकीनें गजबजलेल्या गल्ल्या त्या दिवशीं स्वस्थ होत्या. टाकीची लोखंडी चौकट येथल्याच एका छपराखालीं जोडली गेली. भरलेल्या टाकीचें वजन अर्ध्या टनाच्या घरांत; आणि खारें पाणी लोखंडाचें वैरी, म्हणून चौकटीवर रंगाचा थर भट्टींत भाजून घेतलेला. मोशीपाशीं इंद्रायणी ओलांडली. अलीकडच्या वर्षांत खालीं आळंदीस याच नदीवर पांढऱ्या फेंसाचे ढीग तरंगतांना लोकांनीं पाहिले आहेत. भाच्याच्या हौदांतही फेंस असतो. स्किमर नांवाचें यंत्र पाण्यांत बारीक बुडबुडे सोडतें. मळ त्यांस चिकटून फेंसाबरोबर वर येतो आणि एका पेल्यांत सांचतो. तो पेला भाचा रोज रात्रीं रिकामा करून धुतो. "टाकींत फेंस पेल्यांत जातो म्हणून पाणी स्वच्छ राहतें," तो पुलावरून खालीं पाहत म्हणाला. "नदीला पेला नाहीं." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. तटाचा व बुरुजांचा कांहीं भाग अजून उभा आहे. 1660 सालीं शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें फिरंगोजी नरसाळा यांनीं हा लहानसा कोट सुमारें दोन महिने झुंजविला. शेवटीं सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हांच तो पडला. तटाच्या सावलींत बसून आम्हीं भाच्यास विचारलें, "तुझ्या कोटाची शिबंदी किती? वीज गेली तर तो किती काळ टिकेल?"

तो हंसला. गेल्या खेपेस हीच दुसरी चूक झाली होती. पाणी सांडलें म्हणून मासे मेले नाहींत. पाणी थांबलें म्हणून प्राणवायु संपला. आतां दोहोंपैकीं एका वेव्हमेकरास स्वतंत्र बॅटरी जोडली आहे. वीज जातांच तो आपोआप मंद वेगानें चालूं लागतो आणि रात्रभर पृष्ठभाग हालता ठेवतो. सर्व यंत्रें चालविण्याची शक्ति बॅटरींत नाहीं, आणि तशी गरजही नाहीं. वेढ्यांत पक्वान्नें लागत नाहींत; श्वास चालू राहिला पाहिजे.

सायंकाळीं घरीं परतल्यावर खटल्याची अखेरची सुनावणी झाली. सर्व मंडळी दिवाणखान्यांत जमली. आम्हीं भाच्यास मुख्य बटण बंद करावयास सांगितलें. क्षणांत दिवा विझला, पंपाची घरघर थांबली. मग अंधारांत पाणी उलटें खालीं येण्याचा खळखळाट सुरू झाला. भगिनीनें नकळत देव्हाऱ्यापुढचें आसन उचलून घेतलें. नात विजेरी धरून हौदाजवळ बसली होती. कांचेवर लावलेल्या पट्टीचे आंकडे ती मोठ्यानें वाचीत होती. दहा. पंधरा. अठरा. खळखळाट मंदावला. एकवीस. नळांतून हवा शिरल्याचा घोटासारखा आवाज आला आणि सगळें शांत झालें. "बावीस!" नात ओरडली. फरशी कोरडी होती. अंदाजाहून दोन लिटर अधिक. राखलेल्या जागेच्या निम्म्याहूनही कमी.

त्या शांततेंत एक बारीकशी गुणगुण तेवढी ऐकूं येत होती. एक पंखा बॅटरीवर चालत होता. विजेरीच्या उजेडांत प्रवाळें मंद मंद डोलत होतीं.

आम्हीं निवाडा सांगण्यास घसा साफ केला. परंतु भगिनीनें हात वर केला. "थांब, दादा. पाण्याचा हिशेब राहिला."

नातीनें वही आणली. उन्हाळ्यांत पाणी तापूं नये म्हणून टाकीवर दोन लहान पंखे वारा घालतात. त्यानें पाणी थंड राहतें, पण रोज पांच लिटर उडून जातें. क्षार उडत नाहींत. तेव्हां भर घालावयाची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. ती आर.ओ. यंत्रांतून येते आणि यंत्र तितक्या पाण्यामागें दोन-तीन पट पाणी बाहेर टाकतें. वहींत त्या टाकलेल्या पाण्याचा रोजचा जमाखर्च होता. फरशी पुसण्यास इतकें, सूनबाईंच्या कुंड्यांना इतकें, संडासांत इतकें. मोरींत गेलेलें पाणी: शून्य. भगिनीनें पानामागून पान उलटलें. पूजेच्या तांब्याचें पाणी कोठेंही खर्चीं पडलेलें नव्हतें.

"ही वही कोणाच्या सांगण्यावरून ठेवलीस?" तिनें विचारलें.

"कोणाच्याच नाहीं," नात म्हणाली. "ते तीन मासे मेले ना, तेव्हांपासून."

भगिनीनें वही मिटली. अनामिकेंतलें पोवळें तिनें एकदां फिरविलें आणि टाकीकडे पाहिलें. मग मुलास म्हणाली, "राहूं दे. पण दर गुरुवारीं बटण बंद करून मला असेंच दाखवायचें. आणि माझ्या रांगोळीला पाणी लागलें तर त्या दिवशीं समुद्र मालवणला परत."

भाच्यानें बटण चालू केलें. पाणी पुन्हा चढूं लागलें. आमचा निवाडा आमच्यापाशींच राहिला, आणि त्याचें आम्हांस मुळींच वाईट वाटलें नाहीं.

वाईस परतून आतां महिना झाला. सकाळीं घाटावर गेलों म्हणजे पायऱ्यांच्या आडचा तो आवर्त आम्ही पाहतों. पूर्वीं तें निर्माल्य पाहून नाक मुरडीत असूं आणि पुढें जात असूं. आतां एक लांब काठी आणि वेताची टोपली बरोबर असते. नदीचा प्रवाह वळविणें आमच्या हातांत नाहीं. परंतु जेथें मळ सांचतो ती जागा आम्हांस ठाऊक आहे, आणि टोपली रोज रिकामी करतां येते. परवां शेजारच्या दोन मुलांनीं विचारलें, "गुरुजी, काय शोधतां?" आम्हीं त्यांच्या हातीं दोरा बांधलेली काठी दिली आणि म्हटलें, "पाणी कोठें थांबतें तें."